पायरी आंब्याची ‘स्टेप’ होऊ नये म्हणून: बहुभाषिक साइटवर कोणती फील्ड्स भाषांतरातून वगळायची आणि कशी

मे महिना अर्धा सरला होता. देवगडच्या ज्या बागायतदारांची साइट मी सांभाळतो, त्यांचा फोन आला. ‘‘इंग्रजीत माझो नंबर येगळो आसा काय ओ?’’

होता. मराठी पानावरचा नंबर मीच मार्चमध्ये बदलला होता. इंग्रजी आणि हिंदी पानांवर मात्र जुनाच राहिला. तो जुना नंबर आता त्यांच्या मुंबईतल्या भाच्याकडे होता आणि महिनाभर तो बिचारा बंगळुरूहून येणारी आंब्याची गिऱ्हाइकं मामाकडे वळवत होता. चूक सर्वस्वी माझी. साइट तीन भाषांत करताना मी समोर दिसेल त्या प्रत्येक फील्डला, म्हणजे फॉर्ममधल्या रकान्याला, ‘भाषांतर करता येईल’ अशी टिक मारली होती. फोन नंबरालासुद्धा. म्हणजे एका माणसाचा नंबर मी तीन ठिकाणी साठवून ठेवला आणि एकाच ठिकाणी बदलला.

त्याच आठवड्यात दुसरी गंमत उघड झाली. इंग्रजी पानं भरायला मी यंत्रभाषांतराची मदत घेतली होती. त्यात ‘पायरी’ जातीचं नाव ‘स्टेप’ झालं होतं आणि ‘केसर’चं ‘सॅफ्रन’. अडीचशे ग्रॅमची ‘स्टेप’ कोण विकत घेणार?

वरवर पाहता दोन्ही चुका एकच: जिथे नको तिथे भाषांतर. उपाय मात्र दोन्हींचे अगदी वेगळे निघाले, आणि या लेखातली बरीचशी मेहनत तो फरक नीट समजावण्यावर आहे. उदाहरण आंब्याच्या साइटचं आणि साधन मुख्यतः ड्रुपल ही साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली (सीएमएस), कारण रोजचं काम मी त्यात करतो. वर्डप्रेसवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

आधी कागद, मग माउस

सेटिंगच्या पानावर जाऊ नका. साइटवरची एखादी भरलेली नोंद उघडा. माझ्याकडे ती ‘पायरी, पाच डझनाची पेटी’ होती. संपादनाचा फॉर्म वरून खाली वाचत एकेक फील्ड कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवा. प्रत्येक फील्डपुढे एकच प्रश्न लिहायचा: हे उद्या बदललं, तर किती ठिकाणी बदलायला हवं?

फोन नंबर बदलला तर सगळीकडे एकदम बदलायला हवा. पेटीचा भाव, पेटीत किती डझन, फळाचं वजन, माल शिल्लक आहे की संपला, हंगाम कधी सुरू होतो, आमरसाच्या डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, बिलावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक, ६ आकडी पिनकोड ही सगळी त्याच जातकुळीतली. ही फील्ड्स सामाईक. डेटाबेसमध्ये त्यांचं मूल्य एकच असावं आणि तिन्ही भाषांनी तेच वाचावं.

वर्णन, आंबा घरी आल्यावर कसा ठेवायचा याच्या सूचना, फोटोचा पर्यायी मजकूर (फोटो दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी येणारं वर्णन) ही फील्ड्स सरळ भाषांतराची. यात वाद नाही.

तिसरा खण बहुतेक लोक विसरतात. मीही विसरलो होतो. तो म्हणजे लिप्यंतराचा. ‘पायरी’चं भाषांतर नको हे खरं, पण फील्ड सामाईक केलं तर इंग्रजी पानाच्या मथळ्यातही देवनागरीतलं ‘पायरी’च येणार आणि बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला ते वाचता येणार नाही. त्याला रोमन लिपीतलं नाव हवं. म्हणजे सीएमएसच्या हिशेबात हे फील्ड भाषांतर करण्याजोगंच ठेवायचं, फक्त यंत्राच्या हाती द्यायचं नाही. जाती, गावं, वाड्या, माणसं, पदार्थ यांची नावं या खणात पडतात. मराठी आणि हिंदीची लिपी एक म्हणून हिंदीत नाव तसंच ठेवता येईल असं वाटतं आणि ‘पायरी’, ‘केसर’, ‘हापूस’ यांच्यापुरतं ते चालतंही. पण ‘रायवळ’ आला की ‘ळ’ अडतो. हिंदीत तो सहसा ‘ल’ होतो. म्हणून हिंदीसाठीही फील्ड वेगळंच असू द्या.

चौथा खण छोटा आहे: भाषेगणिक वेगळं, पण भाषांतर नव्हे. आमच्याकडे अढी लावण्याचा, म्हणजे आंबे गवतात पिकत घालण्याचा, एक व्हिडिओ मराठीत आहे आणि एक हिंदीत. व्हिडिओच्या लिंकचं भाषांतर होत नाही, पण प्रत्येक भाषेत लिंक वेगळी. सीएमएसमध्ये हेही भाषांतर करण्याजोगं फील्डच ठरतं, यंत्रापासून मात्र लांब.

ग्राहकांचे अभिप्राय कुठे टाकायचे यावर मी बराच घोळ घातला. शेवटी सामाईक ठेवले. एखाद्या काकूंनी ‘‘पेटी उघडल्याबरोबर घरभर वास सुटला’’ असं लिहिलं असेल, तर ते त्यांचं वाक्य आहे. इंग्रजी पानावरही ते मराठीतच दिसतं आणि खाली बारीक अक्षरात ‘मराठीतून आलेला अभिप्राय’ अशी ओळ येते. दुसऱ्या कुणाचा निर्णय वेगळा असू शकतो. पण गिऱ्हाइकाच्या तोंडी यंत्राचे शब्द घालू नयेत, एवढं माझं ठाम मत.

आकड्यांचा उपप्रश्न

‘‘भाव सामाईक ठेवला तर मराठी पानावर देवनागरी आकडे कसे दिसणार?’’ हा प्रश्न हमखास येतो. याच कारणापायी लोक किमतीचं फील्ड भाषांतराला खुलं करतात आणि मराठीत ‘१२००’ असं हाताने टाइप करतात. मग किमतीनुसार क्रम लावला की घोटाळा होतो, कारण ते फील्ड संख्या राहत नाही, मजकूर होतं. मजकूर म्हणून पाहिलं तर ‘१२००’ हे ‘८००’च्या आधी येतं.

संख्या संख्याप्रकारच्या फील्डमध्येच ठेवा आणि रूप दाखवताना बदला. भाषांच्या प्रादेशिक संकेतांचा जो सीएलडीआर नावाचा सामाईक संच आहे, त्यात मराठीसाठी देवनागरी आकडे हेच मूळ धरलेले आहेत आणि हिंदीसाठी रोमन. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टचं आकडे मांडणारं साधन तोच संच वापरतं. म्हणून मराठी-भारत असा संकेत दिला की १,२०० देवनागरीत येतात आणि हिंदी-भारत दिला की रोमनमध्ये. साठवलेलं मूल्य एकच राहतं. तारखांचंही तसंच. फोन नंबर डोळ्यांना देवनागरीत दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, पण दाबल्यावर फोन लागतो त्या लिंकच्या आत आकडे रोमनच हवेत आणि सुरुवातीला अधिक चिन्हासकट देशाचा संकेतांक ९१ हवा. दुबईतला मराठी माणूसही हापूस शोधतोच.

ड्रुपलमध्ये प्रत्यक्ष

ड्रुपल ८ आलं ते नोव्हेंबर २०१५ मध्ये. तेव्हापासून बहुभाषिकतेची चारही मॉड्यूल्स (जोडता येणारे भाग) गाभ्यातच असतात: लँग्वेज, इंटरफेस ट्रान्सलेशन, कंटेंट ट्रान्सलेशन आणि कॉन्फिगरेशन ट्रान्सलेशन. आपलं काम मुख्यतः तिसऱ्याशी. ‘एक्स्टेंड’मध्ये जाऊन ती चालू आहेत ना ते पाहा.

एक बारीक सल्ला. प्रशासनाची पानं इंग्रजीत ठेवा. साइटची भाषा मराठी असली की काही बटणं मराठीत आणि काही इंग्रजीत दिसू लागतात आणि कुणाला फोनवर मदत करताना जीव जातो. ‘लँग्वेजेस’च्या पानावर ‘डिटेक्शन अँड सिलेक्शन’ आहे. तिथे ‘अकाउंट ॲडमिनिस्ट्रेशन पेजेस’ ही पद्धत चालू करून यादीत वर ओढा. मग आपल्या खात्यात प्रशासनाची भाषा निवडता येते. खाली दिलेली नावं त्या इंग्रजी पाट्यांप्रमाणेच आहेत.

आता मुख्य पान: ‘कॉन्फिगरेशन’, त्यात ‘रिजनल अँड लँग्वेज’, त्यात ‘कंटेंट लँग्वेज अँड ट्रान्सलेशन’. वरच्या भागात साइटवरच्या गोष्टींचे प्रकार दिसतात: कंटेंट, टॅक्सॉनॉमी टर्म (वर्गवारीतली नोंद), मीडिया वगैरे. ‘कंटेंट’ला टिक केली की खाली त्याचे उपप्रकार उघडतात. आमच्याकडे तिथे ‘आंबा’, ‘प्रक्रिया पदार्थ’ आणि ‘साधं पान’ आहेत.

‘आंबा’ला टिक केली की त्याच्याखालच्या सगळ्या फील्ड्सना आपोआप टिक लागते. माझी मूळ चूक इथेच झाली. पान लांबलचक, टिका आधीच लागलेल्या. मी खाली जाऊन ‘सेव्ह’ दाबलं आणि चहा प्यायला गेलो. तुम्ही तसं करू नका. कागद हातात घ्या, सामाईक खणातलं प्रत्येक फील्ड शोधा आणि टिक काढा. भाव, डझन, वजन, शिल्लक, हंगामाच्या तारखा, फोन, परवाने, अभिप्राय. यादीत ‘पब्लिश्ड’ नावाचीही एक ओळ असते. तिची टिक राहू द्या. नाहीतर मराठी पान प्रकाशित करताक्षणी अर्धवट इंग्रजी पानही बाहेर पडेल.

फोटोच्या फील्डखाली तीन छोट्या टिका असतात: फाइल, पर्यायी मजकूर, शीर्षक. फाइलची काढा, बाकी दोन्हींच्या ठेवा. फोटो एकच आणि त्याचं वर्णन तीन भाषांत. फोटोवरच ‘पाच डझन फक्त’ असं मराठीत छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फाइलही खुली ठेवावी लागते. त्यापेक्षा फोटोवर मजकूर छापूच नये.

सेव्ह केल्यावर इंग्रजी पानाचा संपादन फॉर्म उघडून पाहा. सामाईक फील्डच्या नावापुढे आता ‘ऑल लँग्वेजेस’ असं दिसेल. म्हणजे इथे बदललं की सगळीकडे बदलेल. इंग्रजी पान सांभाळणारं माणूस वेगळं असेल, तर त्याला ही पाटी समजावून सांगा. नाहीतर ‘‘मी फक्त इंग्रजीतला भाव बदलला’’ असं तो म्हणेल आणि मराठीतला भावही बदललेला असेल. असं होऊच नये यासाठी त्याच सेटिंग पानावर उपप्रकाराखाली ‘हाइड नॉन ट्रान्सलेटेबल फील्ड्स ऑन ट्रान्सलेशन फॉर्म्स’ अशी टिक आहे. ती लावली की सामाईक फील्ड्स फक्त मूळ भाषेच्या फॉर्मवर दिसतात. आमच्याकडे बागायतदारांची पुतणी मराठी भाग सांभाळते आणि इंग्रजी मी. त्यामुळे ही टिक लावून टाकली. भाव ठरवणं माझं काम नाही.

मसुदा, तपासणी, प्रकाशन अशा टप्प्यांसाठी कंटेंट मॉडरेशन वापरत असाल तर ही टिक जवळपास गरजेचीच समजा. सामाईक फील्ड एका भाषेच्या मसुद्यातून बदलायला गेलं की ड्रुपल सेव्ह करू देत नाही. आणि ते बरोबरच आहे: मसुदा एका भाषेचा आणि बदल सगळ्यांचा, असं कसं चालेल?

एखाद-दुसरंच फील्ड बदलायचं असेल तर या लांब पानावर यायची गरज नाही. ‘मॅनेज फील्ड्स’मधून त्या फील्डच्या सेटिंगमध्ये गेलात की ‘युजर्स मे ट्रान्सलेट धिस फील्ड’ अशी टिक असते. दोन्ही एकच.

साइट चालू असेल तर इकडे लक्ष द्या

नवी साइट असेल तर वरचं पुरे. पण तीन वर्षं चालू असलेल्या साइटवर टिक काढणं म्हणजे भरलेल्या पिंपाखालून वीट काढण्यासारखं आहे. ड्रुपल त्या क्षणापासून त्या फील्डचं फक्त मूळ भाषेतलं मूल्य वाचतं. बाकीच्या भाषांतली मूल्यं दिसेनाशी होतात आणि ती नोंद पुढच्या वेळी सेव्ह झाली की पुसली जातात. नंतर पुन्हा टिक लावली तरी ती परत येत नाहीत.

आणि ‘मूळ भाषा’ म्हणजे साइटची मुख्य भाषा नव्हे. प्रत्येक नोंद ज्या भाषेत पहिल्यांदा तयार झाली ती तिची मूळ भाषा. आमच्या साइटवर दोन नोंदी मी घाईत आधी इंग्रजीत केल्या होत्या. टिक काढली असती तर त्या दोन आंब्यांचा गेल्या वर्षीचा इंग्रजी भाव तिन्ही भाषांत पसरला असता. म्हणून हा क्रम पाळा.

डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि काम साइटच्या प्रतीवर करा, चालत्या साइटवर नाही.

ड्रुपलमध्ये याद्या बनवायचं साधन म्हणजे ‘व्ह्यूज’, त्यात एक तात्पुरती यादी बनवा. तिच्यात नोंदीचा क्रमांक, शीर्षक, भाषांतराची भाषा, ‘डिफॉल्ट ट्रान्सलेशन’ आहे की नाही, आणि जी फील्ड्स सामाईक करायची ती सगळी, एवढे रकाने ठेवा. नोंदीच्या क्रमांकाने क्रम लावा. आता एकाच आंब्याच्या तीन ओळी एकाखाली एक येतात आणि फरक डोळ्यांत भरतो. माझ्या यादीत पायरीच्या मराठी ओळीत नवा फोन होता आणि इंग्रजी-हिंदीत भाच्याचा. एका नोंदीत मात्र नेमकं उलटं होतं. इंग्रजीतला भाव बरोबर आणि मराठीतला जुना.

मूळ भाषेच्या ओळीत बरोबर मूल्य नसेल तिथे आधी ते हाताने दुरुस्त करा. कोणतं बरोबर हे तुम्ही ठरवू नका, मालकाला विचारा. मी विचारलं तेव्हा एका पेटीचा तिन्ही भाषांतला भाव चुकीचा निघाला.

मग टिक काढा, कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) साफ करा आणि तीच यादी पुन्हा उघडा. तिन्ही ओळी आता सारख्या दिसायला हव्यात. ही सेटिंग्ज कॉन्फिगरेशनमध्ये जातात. त्यामुळे प्रतीवरून चालत्या साइटवर नेताना ड्रशने (ड्रुपलचं कमांड देऊन चालवायचं साधन) निर्यात-आयात करा, हाताने पुन्हा टिका मारत बसू नका. मजकुरातल्या दुरुस्त्या मात्र कॉन्फिगरेशनसोबत जात नाहीत. त्या चालत्या साइटवर आधी कराव्या लागतात आणि टिका नंतर न्यायच्या असतात. हा क्रम उलटला तर वरची सगळी काळजी वाया जाते.

संदर्भ फील्ड्स आणि पॅराग्राफ

इथे भलेभले गडबडतात. आंब्याच्या नोंदीत ‘प्रकार’ नावाचं एक फील्ड आहे आणि ते वर्गवारीतल्या ‘तयार आंबा’ किंवा ‘कच्चा आंबा’ या नोंदीकडे बोट दाखवतं. भाषांतर कशाचं हवं? बोटाचं नाही, ज्याकडे बोट आहे त्याचं. म्हणून संदर्भ फील्ड सामाईक ठेवा आणि टॅक्सॉनॉमीमध्ये त्या नोंदीच्या नावाला भाषांतराची टिक द्या. दोन्हींना टिक दिली तर मराठी पान ‘तयार’ म्हणेल आणि इंग्रजी पान कच्चा आंबा दाखवेल. हे होऊ शकतं, आणि मग पेटी उघडल्यावर भांडण होतं.

पान छोट्या-छोट्या तुकड्यांतून रचणारं पॅराग्राफ मॉड्यूल वापरत असाल तर नियम आणखी कडक आहे. पॅराग्राफ जोडणाऱ्या फील्डला भाषांतराची टिक कधीच द्यायची नाही. सेटिंगच्या पानावर ड्रुपल तसा इशाराही देतं. टिका द्यायच्या त्या पॅराग्राफच्या आतल्या मजकूर फील्ड्सना. म्हणजे तिन्ही भाषांत पॅराग्राफांचा क्रम आणि संख्या सारखी राहते आणि आतला मजकूर बदलतो. इंग्रजीत एखादा परिच्छेद जास्तीचा हवाच असेल, तर त्यासाठी वेगळं मॉड्यूल मिळतं. पण त्याची खरी गरज मला अजून पडलेली नाही.

आता ‘पायरी’कडे

सामाईक फील्ड्स मार्गी लागली. लिप्यंतराच्या खणातली उरली. ड्रुपलमध्ये नवं भाषांतर जोडायला गेलात की फॉर्ममध्ये मूळ भाषेतली मूल्यं आधीच भरलेली असतात. सोयीचंच आहे, पण सापळाही. ‘पायरी’ देवनागरीत तशीच भरलेली राहते आणि सेव्ह होते. म्हणून इंग्रजी फॉर्म भरताना शीर्षक पहिलं बघायचं.

भाषांतराची कामं बाहेर पाठवायला टीएमजीएमटी मॉड्यूल वापरत असाल, तर ते यंत्राकडे किंवा अनुवादकाकडे फक्त भाषांतर करण्याजोगी फील्ड्स पाठवतं. सामाईक केलेली तिथूनच गळतात. शिवाय एखादं फील्ड भाषांतराला खुलं ठेवूनही पाठवणीतून वगळण्याची सोय त्यात आहे. लिप्यंतराच्या आणि व्हिडिओ-लिंकच्या खणांसाठी ती अगदी नेमकी. वगळलेल्या फील्डचं इंग्रजी मूल्य मग तुम्ही हाताने लिहायचं. आमच्याकडे जातींची नावं नऊ आहेत. अर्ध्या तासाचं काम, एकदाच.

वर्णनाच्या आत येणारे शब्द हा याचाच पुढचा भाग. ‘‘आंबा अढीत ठेवा’’ या वाक्याचं भाषांतर हवं, पण ‘अढी’ तशीच राहायला हवी. तिथे फील्ड वगळून भागत नाही. मी एक छोटी शब्दसूची ठेवली आहे: अढी, पेटी, रायवळ, आमसूल, फणसपोळी. प्रत्येकापुढे इंग्रजी पानासाठी रोमन रूप आणि पहिल्या वेळी द्यायचं अर्ध्या ओळीचं स्पष्टीकरण. ‘अढी’साठी: गवतात थर लावून आंबा पिकवण्याची रास. हापूसचं थोडं वेगळं. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘अल्फान्सो’ या नावाने. त्यामुळे मानांकनाची ओळ मी प्रत्येक भाषेत हाताने लिहिली आहे. कायद्यातलं नाव यंत्राच्या लहरीवर सोडता येत नाही.

वर्डप्रेस असेल तर

वर्डप्रेसच्या डब्ल्यूपीएमएल या भाषांतराच्या प्लगिनमध्ये प्रत्येक कस्टम फील्डपुढे (आपण स्वतः जोडलेल्या फील्डपुढे) चार पर्याय येतात: ‘डोन्ट ट्रान्सलेट’, ‘कॉपी’, ‘कॉपी वन्स’, ‘ट्रान्सलेट’. जागा: डब्ल्यूपीएमएलच्या सेटिंग्जमध्ये ‘कस्टम फील्ड्स ट्रान्सलेशन’. फोन नंबराचं भाषांतर नको म्हणून लोक साहजिकच ‘डोन्ट ट्रान्सलेट’ निवडतात आणि इंग्रजी पानावर फोनची जागा रिकामी दिसते. कारण त्या पर्यायाचा अर्थ ‘डब्ल्यूपीएमएल या फील्डला हात लावणार नाही’ एवढाच. इंग्रजी पान ही तिथे वेगळी नोंद असते आणि तिच्यात ते फील्ड कुणी भरलेलंच नसतं.

सामाईक खणासाठी हवा तो ‘कॉपी’. मूळ पान सेव्ह झालं की मूल्य सगळ्या भाषांत उतरतं, आणि भाषांतरित पानावर कुणी हाताने काही बदललं असेल तर पुसलं जातं. ‘कॉपी वन्स’ म्हणजे भाषांतर तयार होताना एकदा नक्कल, पुढे ज्याचं त्याने बघायचं. लिप्यंतर आणि व्हिडिओ-लिंकसाठी तो बरा. फोनसाठी तोच माझा जुना अपघात नव्या नावाने. पर्याय बदलला म्हणून जुनी पानं आपोआप सुधारत नाहीत. मूळ पान उघडून पुन्हा अपडेट करावं लागतं. एसीएफ हे कस्टम फील्ड्स बनवायचं प्लगिन वापरत असाल तर एसीएफ मल्टिलिंग्वलमध्ये फील्डगटाला ‘सेम फील्ड्स अक्रॉस लँग्वेजेस’ दिलं की हे पर्याय आपोआप ठरतात. तरी एक्स्पर्ट पर्यायातून आपल्या कागदाशी ताडून बघितलेलं बरं.

पॉलिलँग या दुसऱ्या भाषांतर-प्लगिनमध्ये सेटिंग्जच्या ‘सिंक्रोनायझेशन’मध्ये कस्टम फील्ड्ससाठी एकच टिक आहे. लावली की सगळी फील्ड्स जुळतात, आणि कुठल्याही भाषेत बदल केला तरी तो बाकीच्या भाषांत पसरतो. काही जुळवायची आणि काही नाही असं हवं असेल तर थोडा कोड लिहावा लागतो, किंवा डब्ल्यूपीएमएलची जी एक्सएमएल कॉन्फिगरेशन फाइल असते ती द्यावी लागते. पॉलिलँग तीही वाचतं.

ब्राउझर स्वतःच भाषांतर करतो तेव्हा

तुम्ही सगळं नीट केलं तरी एखादा वाचक मराठी पान उघडून ब्राउझरच्या भाषांतराचं बटण दाबतोच. मग पुन्हा ‘स्टेप’. यावर इलाज एचटीएमएलमध्येच आहे: ‘ट्रान्सलेट’ नावाचा ॲट्रिब्यूट (टॅगला जोडायची सूचना), मूल्य ‘नो’. ज्या घटकाला तो द्याल त्याच्या आतलं सगळं वगळलं जातं. गूगलचं भाषांतर ‘नोट्रान्सलेट’ हा क्लासही मानतं, म्हणून मी दोन्ही देतो. ड्रुपलमध्ये फील्डच्या टेम्प्लेटमध्ये (फील्ड पानावर कसं मांडायचं ते ठरवणारी फाइल) एकदाच घालायचं: जातीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, अभिप्राय. संपूर्ण पान वगळणारा मेटा टॅगही आहे. तो लावू नका. मराठी न येणाऱ्या वाचकाची वाट तुम्ही कशाला अडवता?

इंग्रजी पानावर देवनागरीत ठेवलेल्या मजकुराला ‘लँग’ ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा संकेत ‘एमआर’ द्या. डोळ्यांनी न पाहणारा वाचक स्क्रीन रीडर वापरतो आणि हा संकेत नसला तर काकूंचा अभिप्राय इंग्रजी आवाजात, इंग्रजी नियमांनी वाचला जातो किंवा चक्क गाळला जातो. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत ३.१.२ क्रमांकाचा निकष नेमका याच गोष्टीसाठी आहे, पातळी दुहेरी ए.

तपासणी

पायरीचा भाव मराठी फॉर्ममध्ये एक रुपयाने वाढवा आणि सेव्ह करा. खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता, इंग्रजी आणि हिंदी पानं उघडा. रुपया दिसला पाहिजे. नाही दिसला तर आधी कॅशे साफ करून बघा, लगेच सेटिंगला दोष देऊ नका. भाव पुन्हा खाली आणा.

आता इंग्रजी वर्णनात एखादा शब्द बदला. मराठी वर्णन जसंच्या तसं राहिलं पाहिजे.

मोबाइलवर तिन्ही भाषांतून फोनचं बटण दाबा. यादीचं पान किमतीनुसार लावून बघा. शोधपेटीत ‘पायरी’ देवनागरीत आणि रोमनमध्ये टाकून बघा. ऑर्डर केल्यावर जाणारा ईमेल विसरू नका. तो बहुतेकदा वेगळ्याच टेम्प्लेटमधून येतो आणि आमचा जुना नंबर तिथे हाताने लिहून ठेवलेला सापडला.

शेवटी मराठी पानावर ब्राउझरचं भाषांतर चालवून बघा. आमच्या साइटवर आता ‘पायरी’ पायरीच राहते. तळटिपेतल्या ‘केसर’चं मात्र अजून ‘सॅफ्रन’ होतं, कारण ती तळटीप एका जुन्या ब्लॉकमध्ये आहे आणि त्याच्या टेम्प्लेटला मी अजून हात लावलेला नाही.